भाकरी थापताना चाललेला संवाद

परभणीच्या घरी आई भाकरी थापते, तेव्हा माझी दहा महिन्यांची मुलगी चुलीपासून चार हात दूर बसून 'बा-बा-बा' करते; आणि तिने जणू काही विचारलेच आहे अशा थाटात आई थांबून 'हो गं माय, ज्वारीची भाकर हाय ही' असे उत्तर देते व पुन्हा तिच्या आवाजाची वाट पाहते. भाषा रुजते ती मला या वाट पाहण्यातच दिसते. मोबाईल अशी वाट पाहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये एक वर्षाखालील बाळांना मोबाईल-टीव्हीचा पडदा नकोच, असे सांगितले. (हे पाळणे आमच्याकडे आजोबांना सर्वांत जड गेले.) मात्र बाळ आवाजाकडे वळतच नसेल, तर 'बोलेल उशिरा' म्हणत न थांबता त्याचे कान तपासून घ्यावेत.