तुम्ही विचारलंत म्हणून: मुंबई खरंच इतकी मोकळी होती का?

जुन्या मुंबईची चित्र-पोस्टकार्डं मी जमवतो हे कळलं की लोक अल्बम मागतात, चार पानं उलटतात आणि मग हमखास विचारतात, "अहो, मुंबई खरंच इतकी मोकळी होती का?" विचारणारा बहुधा विरार नाहीतर कल्याण लोकलला लोंबकळत आलेला असतो, त्यामुळे त्याची हळहळ मला कळते. तोंडी उत्तर सुरू केलं की चहा येतो आणि ते अर्धवट राहतं. म्हणून आता लिहूनच टाकतो.

नव्हती. १९०१ च्या जनगणनेत मुंबईत ७,७६,००६ माणसं भरली, आणि हा आकडा प्लेगने घटलेला होता. दहा वर्षं आधी तो आठ लाखांच्या वर होता. १९११ पर्यंत पावणेदहा लाखांच्या पुढे गेला. एवढी माणसं शहरात, आणि कार्डावर मात्र एक घोडागाडी, दोन फेटेवाले आणि भलंमोठं आकाश!

आधी गिऱ्हाईक कोण ते बघा. कार्डं काढणाऱ्या कंपन्यांपैकी क्लिफ्टन अँड कंपनी, फोटोटाइप कंपनी या मुंबईतल्या. राफाएल टक लंडनची. कार्डं घेणार कोण, तर बोटीतून उतरलेला प्रवासी, साहेब, मेमसाहेब आणि पुढे महायुद्धात टॉमी, म्हणजे गोरा शिपाई. अपोलो बंदरावर उतरायचं, ताजमध्ये (ते १९०३ च्या डिसेंबरात उघडलं) मुक्काम करायचा, हॉर्नबी रोडने, म्हणजे आजच्या दादाभाई नवरोजी रोडने, व्हीटीला जाऊन गाडी पकडायची. त्याची मुंबई एवढीच. कार्डंही तेवढीच. मांडवी, कामाठीपुरा, परळ त्याच्या वाटेवर नव्हते.

फोर्टातला थोडा मोकळेपणा खरा होता, हे कबूल करायला हवं. किल्ल्याच्या तोफांना समोर अडथळा नको म्हणून तटाबाहेरचं मैदान, एस्प्लनेड, मुद्दाम रिकामं ठेवलेलं होतं. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात तट पाडले गेले आणि त्या मोकळ्या पट्ट्याच्या कडेने सेक्रेटरिएट, युनिव्हर्सिटी, हायकोर्ट अशी रांग उभी राहिली. म्हणजे आपण ज्या मोकळ्या मैदानांवर हळहळतो, ती तोफांची देणगी आहे.

पण हायकोर्टाचंच कार्ड घ्या. माझ्याकडच्या एकावर १९०८ चा शिक्का आहे. समोर हिरवंगार मैदान, झाडाखाली दोन गाड्या, सगळं कसं दुपारच्या झोपेत. त्याच सालच्या जुलैत याच इमारतीत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. रस्त्यांवर लष्कर आणावं लागलं. कार्ड काढणाऱ्याने काही लपवलं असं मी म्हणत नाही. त्याचा फोटो जुनाही असेल. एकच काच (तेव्हाची निगेटिव्ह काचेची असे) वर्षानुवर्षं छापत राहायची तेव्हाची रीतच होती. पण 'त्या काळी किती शांतता होती' असं कुणी म्हणालं की मी हे कार्ड पुढे सरकवतो.

मलबार हिलवरून दिसणारा बॅक बे हे दुसरं लाडकं दृश्य. मरीन ड्राइव्ह अजून समुद्रातच आहे, किनाऱ्याने बी.बी.सी.आय. रेल्वेचे (आजच्या पश्चिम रेल्वेचे) रूळ गेलेत, आणि खाली माडांचं रान. लोक म्हणतात, "गिरगाव म्हणजे जंगलच होतं!" अहो, त्या झावळ्यांच्या खाली वाड्या आहेत, वाड्यांत चाळी, आणि चाळीत एका खोलीत सात-आठ माणसं. वरून नारळाचा शेंडा दिसतो, खालचा नळावरचा नंबर दिसत नाही.

आता कारागिरी. रंगीत कार्डं पुष्कळदा जर्मनीत छापून यायची. फोटो इथला, रंग तिथला. रंग भरणाऱ्याने मुंबई पाहिलेली नसायची, म्हणून एकाच कार्डाच्या दोन छपायांत तीच बाई एकदा लाल लुगड्यात दिसते, एकदा हिरव्या. धूळ, चिखल, शेण यांना त्याच्या डबीत रंगच नव्हता. आणि नको ते पुसण्याची सोय होतीच. व्हीटीच्या एका कार्डावर भिंग धरलं की समोरच्या रस्त्यावर एक लांबट सावली नीट दिसते; ती पाडणारा माणूस मात्र नाही! हलल्यामुळे धूसर आला असेल, कुंचल्याने गेला. सावली तेवढी राहिली. त्यातून फोटो बहुधा गच्चीवरून नाहीतर वरच्या मजल्यावरून घेतलेला, म्हणजे जी माणसं उरली तीही मुंगीएवढी.

मला सगळ्यात गमतीचं वाटतं ते पुढचं. माणसांची कार्डं वेगळी निघायची! भिस्ती, धोबी, न्हावी, पारशी बाई, नाचणारी, कोळीण. स्टुडिओत, पडद्यासमोर, एकेकटी. म्हणजे शहर एका कार्डावर माणसांशिवाय, आणि माणसं दुसऱ्या कार्डावर शहराशिवाय. दोन्ही गठ्ठे टेबलावर शेजारी मांडले की मुंबई थोडीफार जुळते. या माणसांच्या चित्रांत आपले चित्रकार एम. व्ही. धुरंधर यांची कार्डं मला सर्वांत जिवंत वाटतात. कोल्हापूरचा माणूस, जे. जे. मध्ये शिकला, तिथेच शिकवलं. त्यांच्या बायका 'नमुने' म्हणून उभ्या नसतात. चालता चालता कुणीतरी हाक मारल्यासारख्या वळून बघतात.

साल कसं ओळखता, हाही उपप्रश्न असतो. ट्रॅमला घोडे असतील तर फोटो बहुधा १९०७ च्या आधीचा, कारण त्या वर्षीच्या मे महिन्यात विजेची ट्रॅम सुरू झाली. समुद्रावरून ताज दिसतं पण गेटवे नाही, तर १९२४ च्या बऱ्याच आधीचं. मागे फक्त पत्त्याला जागा असेल आणि मजकूर चित्राच्या कडेने लिहिला असेल, तर शतकाच्या अगदी सुरुवातीचं. शिक्क्यावर एकट्यावर विसंबू नका, हे वर आलंच.

आपल्या घरांत ही चित्रं फारशी सापडत नाहीत. आपली माणसं पाव आण्याच्या साध्या सरकारी कार्डावर खुशाली कळवायची. चित्राला जादा पैसे कोण घालणार? म्हणूनच माझ्याकडचं एक कार्ड मी कुणाला हातात देत नाही. चित्र व्हीटीचं. त्या इमारतीतच जी.आय.पी. रेल्वेची (आजच्या मध्य रेल्वेची) मुख्य कचेरी होती. वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीवर शाईने बारीक फुली मारली आहे आणि कडेला बाळबोधीत लिहिलंय, फुलीच्या खिडकीत आमचे टेबल. पत्ता सातारा जिल्ह्यातला. बाकी नेहमीचंच: प्रकृती ठीक, पैसे मनिऑर्डरीने पाठवले, पाऊस कसा आहे. साहेबासाठी छापलेल्या त्या रिकाम्या दिमाखात या कारकुनाने स्वतःची जागा स्वतःच दाखवून ठेवली.

इतकं सांगून झाल्यावर पुढचा प्रश्न येतो, सर्वांत महागडं कार्ड कुठलं. ते सांगत नाही, घरचे वाचतात. पण गिरणी सुटतानाची गर्दी, लालबागची चाळ, गिरगावातला नळ, असं काही तुमच्या आजोबांच्या ट्रंकेत किंवा चोरबाजारात दिसलं तर आधी मला कळवा. तिकीट सोलू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. किमतीचं बघू.