ताबारचा घरजावई

कार्ल एमिल पेटरसन या स्वीडिश खलाशाची गोष्ट बहुतेक वेळा एकाच ठेक्यात सांगितली जाते: जहाज फुटले, लाटांनी त्याला नरभक्षकांच्या बेटावर आणून टाकले, तिथल्या राजकन्येचा जीव त्याच्यावर जडला आणि तो राजा झाला. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्यात राजा काही दिसला नाही. मला दिसला तो घरजावई. याला कारण नागपूरच्या महाल भागातले माझे आजोळ. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, मूळचे रत्नागिरीचे. रेल्वेच्या नोकरीसाठी ते नागपूरला आले, पणजोबांच्या एकुलत्या एका मुलीशी त्यांचे लग्न झाले आणि सासऱ्यांच्याच घरात त्यांचा संसार मांडला गेला. साठी उलटून गेल्यावरही गल्लीतले लोक त्यांना जावईबुवाच म्हणत. घराचा कर तेच भरत, कौले तेच बदलून घेत, शेजाऱ्यांची भांडणे तेच सोडवत, तरी पत्ता विचारायला आलेल्या माणसाला सांगितले जाई, "त्या घरी राहून राहिले ते जावईबुवाच ना बाप्पा!" अशा घरात वाढलेल्या माणसाला पेटरसनची गोष्ट वेगळ्या बाजूने दिसणारच.

पेटरसनचा जन्म २३ ऑक्टोबर १८७५ रोजी स्टॉकहोमच्या उत्तरेला असलेल्या सोलेनतुना येथे झाला. बाप घर सोडून गेलेला, भावंडे बरीच. सतराव्या वर्षाच्या सुमारास तो जहाजावर चढला. १८९८च्या आसपास तो बिस्मार्क द्वीपसमूहात पोहोचला. न्यू गिनीच्या ईशान्येला असलेला हा द्वीपसमूह तेव्हा जर्मनीची वसाहत होता आणि बेटांना थेट जर्मन प्रांतांची नावे दिलेली होती. आजचे न्यू आयर्लंड तेव्हा नॉय-मेक्लेनबुर्ग होते. या द्वीपसमूहात नॉयगिनी कंपनी नावाच्या जर्मन व्यापारी कंपनीत पेटरसनला काम मिळाले. १९०४ सालच्या नाताळच्या दिवशी 'हेर्त्सोग योहान आल्ब्रेख्त' हे जहाज न्यू आयर्लंडच्या किनाऱ्यापासून जवळच असलेल्या ताबार बेटापाशी बुडाले. त्यावरचा एकोणतीस वर्षांचा पेटरसन किनाऱ्याला लागला.

पुढचा भाग सगळ्यांना आवडतो. किनाऱ्यावरच्या जास्वंदीच्या झुडपांत तो सापडला, बेटकऱ्यांनी त्याला वेढले, त्याच्या निळ्या डोळ्यांचे त्यांना नवल वाटले आणि त्याला उचलून लामी या त्यांच्या प्रमुखाकडे नेण्यात आले. ही हकीकत स्वीडनमधल्या वर्तमानपत्रांनी रंगवून छापली, आणि तिथल्या एका लाडक्या बालपुस्तकातल्या दक्षिण समुद्रातल्या राजाचे पात्र याच माणसावरून सुचले असावे असेही अनेकांना वाटते. निळ्या डोळ्यांमुळे जीव वाचल्याचा हा तपशील मला मात्र पटत नाही. बिस्मार्क द्वीपसमूहात तोवर वीस वर्षे जर्मन सत्ता होती, खोबऱ्याचे व्यापारी आणि मिशनरी बेटाबेटांतून फिरत होते, आणि मळ्यांवर मजुरी करायला गेलेले बेटकरी परतही येत होते. गोरा माणूस दिसणे ही त्या भागात अपूर्वाई उरली नव्हती. मलेरियाच्या प्रदेशात बुडत्या जहाजातून हाती लागलेला, धडधाकट, व्यापाराची भाषा जाणणारा तरुण प्रमुखाच्या उपयोगाचा आहे, एवढा हिशेब लामीला नक्कीच करता येत असणार.

'राजा' हा शब्दही तसाच बाहेरून चिकटवलेला आहे. मेलानेशियाच्या या भागात सिंहासन, वारस आणि राज्याभिषेक अशी राजेशाही नव्हती. माणसाचे वजन ठरे ते त्याच्या मोठ्या जेवणावळींवर, त्याने वाटलेल्या डुकरांवर, शिंपल्यांच्या चलनात त्याच्याकडे किती देणे-घेणे अडकले आहे त्यावर आणि सभेत त्याला किती बोलता येते त्यावर. जर्मन प्रशासनाने गावोगाव आपल्या पसंतीचे मुखिये नेमून त्यांना लुलुआई म्हणायला सुरुवात केली आणि अधिकाराची खूण म्हणून त्यांच्या डोक्यावर टोप्या चढवल्या, ती वेगळी गोष्ट. तेव्हा लामीनंतर पेटरसन 'गादीवर बसला' असे जे सांगितले जाते त्याचा अर्थ मी असा लावतो की सासऱ्यामागे त्या कुटुंबात ज्याच्या शब्दाला सर्वांत जास्त मान होता तो हा परदेशी जावई होता. आपल्याकडे अशा माणसाला 'कर्ता' म्हणतात. राजा म्हणत नाहीत.

लामीची मुलगी सिंगदो आणि पेटरसन यांचे लग्न १९०७ साली झाले, म्हणजे जहाज फुटल्यावर दोन-तीन वर्षांनी. मधल्या या काळाविषयी कुणी फारसे लिहीत नाही, पण माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे. ताबारमध्ये कूळ आईकडून मोजतात. मेघालयातल्या खासी लोकांमध्ये जशी पद्धत आहे किंवा पूर्वी केरळातल्या नायरांमध्ये होती तशीच. मूल आईच्या कुळाचे, आणि जमिनीवर हक्कही कुळाचा. तिथे बाहेरच्या पुरुषाला पाय रोवायचा असेल तर बायकोच्या नातेवाइकांच्या आधारानेच रोवावा लागतो. दुसरे असे की अशा जोडप्याची मुले जन्मतःच बेटाची असतात. बाप कितीही परका असला तरी मुलांना 'तुम्ही कुठले?' असे विचारायची सोय उरत नाही. पेटरसनच्या कुटुंबाचे ताबारवर बस्तान बसले ते कार्लमुळे नाही, सिंगदोमुळे. सगळ्या हकीकती कार्लच्या नावाने सांगितल्या जातात, त्यामुळे हे लक्षात येत नाही. आमच्या आजीचेही तसेच होते. घर तिच्या वडिलांचे, पण दारावरची पाटी आजोबांच्या नावाची.

त्या जोडप्याने उभा केला तो नारळाचा मळा. पेटरसनने त्याला तेरिपाक्स असे नाव दिले होते, आणि बेटकरी त्याला स्वतःला 'स्ट्राँग चार्ली' म्हणत. मळा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सावली आणि शहाळी येतात, पण हा धंदा सुक्या खोबऱ्याचा होता. नारळाच्या उंच जातीला पहिली फळे धरायला सहा-सात वर्षे लागतात. फळ पक्व व्हायला वर्ष लागते. मग ते सोलायचे, फोडायचे, आणि उन्हात किंवा धुराच्या भट्टीवर इतके वाळवायचे की निम्म्याच्या आसपास असलेले पाणी सहा-सात टक्क्यांवर येते. पाऊस आला की बुरशी धरते आणि भाव पडतो. एक टन खोबऱ्याला साधारण पाच-सहा हजार नारळ लागतात. हा माल पोत्यांतून युरोपात जाई आणि त्याचे साबण व मार्गारीन होई. इतवारीच्या किराणा बाजारात पोत्यातून ओंजळीत घेतलेल्या खोबऱ्याच्या वाट्या मी लहानपणापासून पाहत आलो आहे. आमच्याकडे ते खोबरे सावजी रश्शासाठी जळेपर्यंत भाजतात. समुद्रापासून इतक्या लांबच्या या गावात रस्सा काळा होतो तो नारळामुळे, ही मला नेहमीच गंमत वाटत आली आहे.

सात-आठ वर्षे थांबल्याशिवाय हातात पैसा न देणारे पीक लावणारा माणूस निघून जाण्याच्या बेतात नसतो, असे मला वाटते. खलाशाला जहाजाची वाट बघायची सवय असते. झाडाची वाट बघणे त्याला कुठेतरी शिकावे लागले असणार.

१९१४च्या सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियन सैन्याने वसाहतीचे मुख्य ठाणे राबौल घेतले आणि जर्मनीची ही वसाहत संपली. युद्धानंतर जर्मन मळेवाल्यांची मालमत्ता जप्त झाली आणि ती पुढे ऑस्ट्रेलियन लोकांना विकली गेली. पेटरसन मात्र जर्मन नव्हता, आणि स्वीडन त्या युद्धात तटस्थ होते.

सिंगदोला नऊ मुले झाली, त्यातले एक तान्हे असतानाच गेले. १९२१ साली बाळंतपणानंतरच्या तापाने तीही गेली. त्या काळात जगभर कितीतरी बायका या आजाराने जात होत्या. पेनिसिलिनसारखी औषधे यायला अजून बरीच वर्षे होती. आठ मुले मागे राहिली. पुढच्या वर्षी पेटरसन स्वीडनला गेला. घर सोडल्याला तीस वर्षे होत आली होती, आणि आता तो परत निघाला होता तो मुलांसाठी आई शोधायला. तिथे त्याला इंग्रज-स्वीडिश घराण्यातली जेसी लुईसा सिंपसन भेटली आणि १९२३ साली त्यांचे लग्न झाले.

जेसीविषयी मला वाटणारी सहानुभूती बाकी कुणाहीपेक्षा जास्त आहे. ती ताबारला आली तेव्हा मळा मोडकळीला आला होता, बेटावर तापाची साथ होती आणि पाठोपाठ तिला व नवऱ्याला मलेरियाने गाठले. दिवाळे निघायची वेळ आली. शिवाय, सवतीची मुले तर तिला मिळाली, पण ती मुले त्यांच्या आईच्या कुळाची होती. त्या बेटाच्या हिशेबात जेसीला स्वतःचे कूळच नव्हते. सिंगदोच्या नवऱ्याला जमीन, माणसे आणि मान हे सगळे बायकोकडून मिळाले. जेसीला बेटावर उभे राहायला तसे काहीच मिळाले नाही, फक्त काम मिळाले. तरीही तिने बारा वर्षे काढली.

मध्ये पेटरसनला सिंबेरी बेटावर सोने सापडले. सिंबेरी हे ताबार गटातलेच उत्तरेकडचे छोटे बेट. ही गोष्ट त्याने बरीच वर्षे कुणाला कळू दिली नाही. आज तिथे सोन्याची उघडी खाण चालते. पण तेव्हा जेसी आजारी होती. मलेरियाच्या जोडीला कर्करोगही निघाला. उपचारांसाठी ती स्वीडनला गेली आणि १९ मे १९३५ रोजी स्टॉकहोममध्ये वारली. त्याच वर्षी पेटरसननेही ताबार सोडले. तो स्वीडनला गेला नाही. १२ मे १९३७ रोजी सिडनीत हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला.

न्यू आयर्लंडच्या या भागात माणूस गेल्यानंतर काही वर्षांनी मलंगन नावाचा मोठा विधी करतात. त्यासाठी लाकडात कोरलेल्या आकृती वर्षभर आधीपासून घडवल्या जातात, जेवणावळी होतात आणि विधी उरकला की त्या आकृती कुजू दिल्या जातात किंवा विकून टाकल्या जातात. त्या आकृतींच्या नक्षीवर कुळांचे हक्क असतात. ते वारशाने मिळतात आणि विकतही घेता येतात. हा विधी मुळात ताबारचाच असे मानतात. युरोपातल्या संग्रहालयांत ज्या मलंगन आकृती दिसतात त्यातल्या बऱ्याच याच काळात तिकडे गेल्या आहेत. बेटावर तीस वर्षे राहिलेल्या जावयाला या विधीच्या जेवणावळींना अनेकदा बसावे लागले असणार, यात मला शंका नाही.

आमच्या आजोबांना नागपुरात समुद्र नव्हता, तर नारळी पौर्णिमेला ते शुक्रवारी तलावावर जात. एक नारळ पाण्यात सोडत आणि दुसरा घरी आणत. आजी पहिल्या नारळाविषयी दर वर्षी कुरकुरे आणि दुसऱ्याचा नारळीभात करी. तो आपल्या आईच्या हातासारखा झाला नाही असे आजोबा दर वर्षी सांगत, आणि दर वर्षी दोनदा वाढून घेत.