स्लायडर मागे ओढला की

स्क्रीनवर पृथ्वीचा गोल समोर आणायचा, काळाचा आकडा मागे घ्यायचा आणि सगळे खंड तेव्हा कुठे कुठे होते ते बघत बसायचं, याला टाइमपास म्हणा नाहीतर अभ्यास, एकदा नाद लागला की हात थांबत नाही. ब्राउझरमध्ये चालणारा इयन वेबस्टरचा गोल आहे, त्यात नकाशे भूशास्त्रज्ञ क्रिस्टोफर स्कॉटीजचे, 75 कोटी वर्षं मागे जाता येतं आणि आजचं एखादं शहर टाकलं की ते तेव्हा कुठे असतं तेही दाखवतो (बऱ्याचदा पाण्याखाली!). भारत बघायला तर मजाच येते, साधारण 9 कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून सुटतो आणि मग वर्षाला 15 सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे खंडांच्या हिशेबात सुसाटच, उत्तरेला निघतो.

पण खरी गंमत कळते ती जीप्लेट्स उघडल्यावर. सिडनी विद्यापीठाच्या अर्थबाइट ग्रुपने इतरांसोबत बनवलेलं हे सॉफ्टवेअर, फुकट आणि ओपन सोर्स, दिसायला जरा रुक्ष. यात प्रत्येक प्लेटला, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्याला, नंबर असतो, भारताचा 501, आफ्रिकेचा 701, आणि आत बघितलं तर एक साधी टेक्स्ट फाइल, अमुक काळी अमुक प्लेट दुसऱ्या अमुक प्लेटच्या मानाने कुठल्या अक्षाभोवती किती अंश फिरली, बस्स. गोलावरची कुठलीही हालचाल एका अक्षाभोवतीच्या फिरण्यात बसवता येते हे गणितज्ञ ऑयलरचं जुनं गणित, 1965 मध्ये भूभौतिकशास्त्रज्ञ बुलार्ड आणि मंडळींनी तेच वापरून कॉम्प्युटरवर अटलांटिकच्या दोन्ही बाजू जुळवल्या होत्या, आणि त्याही किनारा धरून नाही तर पाण्याखाली सुमारे 900 मीटरवरची कड धरून, कारण खंड खरा संपतो तिकडे, समुद्राची पातळी काय, वरखाली होतच असते.

आता एक गोष्ट मला खटकते. अ‍ॅनिमेशन शेवटपर्यंत सारखंच गुळगुळीत चालतं, पुरावा मात्र तसा नसतो. साधारण 18 कोटी वर्षांपर्यंत समुद्रतळावरचे चुंबकीय पट्टे (तळ तयार होताना त्याच्या खडकात उमटलेली पृथ्वीच्या चुंबकत्वाची उलटसुलट नोंद) हाताशी असतात, त्याआधीचा तळ बहुतेक सगळा पृथ्वीच्या पोटात गेलेला, मग उरतात खडकांमधले चुंबकाचे ठसे आणि ते अक्षांश सांगतात, रेखांश सांगत नाहीत. म्हणजे खंड विषुववृत्तापासून किती लांब होता ते कळतं, पण पूर्वेला होता की पश्चिमेला ते इतर पुराव्यांवरून जुळवत बसायचं. स्क्रीनवर मात्र दोन्ही काळांतले खंड तितक्याच ठसठशीत रेषेत काढलेले! निदान जुन्या काळात रेषा जरा फिकी करायला काय हरकत आहे?

म्हणून जीप्लेट्समध्ये दोन वेगवेगळी मॉडेलं, म्हणजे वेगवेगळ्या संशोधकांनी बनवलेल्या अशा फिरण्याच्या फाइल्स, टाकून बघावीत, 5 कोटी वर्षांवर दोन्ही जवळपास सारखी दिसतात, पण 50 कोटींवर एकच खंड दोन ठिकाणी दिसला तर दचकू नका, दोघांनाही अक्षांश तोच मिळालाय, पुढची जागा ज्याने त्याने आपापल्या हिशेबाने ठरवलीये.