तीन सेकंदांची खडखड

डिसेंबरातली सकाळ, श्टुटगार्टात उणे सहा. गाडी सुरू केली आणि इंजिनाच्या पट्ट्याकडच्या अंगाने, डब्यात सुटे खिळे घालून हलवावेत तसा आवाज आला. तीन सेकंद वाजला आणि थांबला. पुढे दिवसभर गाडी गुण्यागोविंदाने चालली.

नाशिकच्या सातपूरला बाबांचं गॅरेज पस्तीस वर्षं होतं. शाळा सुटली की माझं दप्तर तिथल्याच बाकड्यावर पडायचं. त्यामुळे थांबला ना आवाज, मग सोडून द्या, हे मला जमत नाही. बाबांना फोन लावला आणि मोबाईल बॉनेटजवळ धरला. त्यांना काहीच ऐकू येईना. "अगं, तुझं बोलणं तेवढं येतंय, इंजिन कुठेय?" कॉलवर फोन मागची घरघर गाळून टाकतो, हे तेव्हा कळलं.

मग रात्रभर गाडी थंड होऊ दिली. सकाळी साडेसहाला, म्हणजे नाशिकला अकरा वाजता, नवऱ्याने चावी फिरवली आणि मी नुसतं रेकॉर्डिंग करून पाठवलं. बाबांनी ते कानात इयरफोन घालून चार वेळा ऐकलं. "वॉल्व्ह दाबणारा टॅपेट असता तर रेस वाढवल्यावर टकटकही वाढली असती, थांबली नसती. हा ऑइलचं प्रेशर येईपर्यंतच वाजतोय. टायमिंग चेन लांबलीय." आणि लगेच पुढे, "गळ्यातला मफलर काढून ठेव, मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चेनच्या कव्हरवर टेक आणि मूठ कानाला लाव. पट्टा फिरतोय, हात जपून." पुढच्या थंड सकाळी चावी फिरताच लावली. खडखड थेट हाडात उतरली.

चेन लांबते म्हणजे लोखंड रबरासारखं ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीचं बुश केसाएवढं झिजतं. शंभरावर कड्यांची ती झीज एकत्र झाली की दोन-चार मिलिमीटर भरते. हा ढिलेपणा टेन्शनर खाऊन टाकतो. तो तेलाच्या दाबावर चेनला रेटून धरतो. रात्रीत तेल खाली उतरलं की सकाळी तो क्षणभर मोकळा असतो, आणि त्याच क्षणात चेन गाईडवर, म्हणजे तिला वाटेत धरणाऱ्या पट्टीवर, आपटते. हीच चेन क्रँकवरून, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्यावरून, वॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवते, म्हणजे वॉल्व्ह कधी उघडायचे ते ठरवते. ती दात चुकली, तर माझ्यासारख्या इंजिनात उघडा वॉल्व्ह पिस्टनवर आदळतो. मग वॉल्व्ह वाकतात, इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवावं लागतं, आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

इथल्या गॅरेजच्या माइस्टरने, म्हणजे मोठ्या मेस्त्रींनी, स्कॅनर लावला. कोड आला पी००१६: क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही. पण हा कोड सेन्सर बिघडला किंवा कॅम थोडा मागेपुढे सरकवणारा अ‍ॅडजस्टर अडकला तरी येतो, म्हणून त्यांनी तेवढ्यावर भागवलं नाही. दोन्ही सेन्सरचे सिग्नल पडद्यावर एकाखाली एक घेऊन सरक मोजली, टेन्शनरचा दट्ट्या किती बाहेर आलाय ते पाहिलं. जवळजवळ शेवटापर्यंत आला होता. मग लेखी अंदाज हातात दिला: १,३८० युरो. असले आकडे रुपयांत मोडून पाहायचे नसतात.

काम दीड दिवस चाललं. नुसती चेन बदलून भागत नाही. टेन्शनर, गाईड, स्प्रॉकेट म्हणजे चेनची दातेरी चाकं, सगळं एकदमच, कारण झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते. कॅम आणि क्रँक खास अवजारांनी जागच्या जागी जखडले. काही बोल्ट एकदा आवळले की ताणले जातात, ते पुन्हा वापरत नाहीत, तेही नवे. ऑइलचं चेंबर खोललं, तर तळाशी गाईडचे तपकिरी तुकडे, नखाएवढे. त्यातले दोन तेल ओढणाऱ्या जाळीला चिकटलेले. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला. जाळी बुजली तर दाब कमी, आणि दाबावरच तर टेन्शनर उभा.

सगळं बांधून झाल्यावर माइस्टरने स्टार्टरला हात लावला नाही. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानेच सावकाश दोन फेरे फिरवलं. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. कुठे काही अडलं तर ते हाताला कळतं, स्टार्टरला कळत नाही. मग खुणा पुन्हा तपासल्या. बाबा सातपूरला प्रत्येक नव्या पोराला हेच सांगायचे. "दोन फेरे हातानं, मग चावी." मी तिथे उभी होते आणि मला बाबांचे हात दिसत होते.

माझ्याआधीच्या मालकाने गाडी जवळच्या जवळच फिरवली होती आणि तेल दोन-दोन वर्षांनी बदललं होतं. इथे ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षं असा लांब पल्ला कित्येक गाड्यांना चालतो, पण सततच्या छोट्या फेऱ्यांना तो मानवत नाही. इंजिन तापायच्या आत बंद केलं की पेट्रोल आणि काजळी तेलात उतरते, आणि तेच तेल पिनांमध्ये जातं. नाशिकात कॉलेज रोडवरून गंगापूर रोडला पाच-सात मिनिटांत जाऊन येणाऱ्यांनो, तुमचंही हेच आहे. तुमच्या गाडीला चेनऐवजी टायमिंगचा पट्टा असेल तर तो किती किलोमीटरला बदलायचा ते पुस्तकात लिहिलेलं असतं. चेनला बहुतेक ठिकाणी तसा आकडा नसतो. म्हणून थंड इंजिनाचे पहिले तीन सेकंद रेडिओ बंद ठेवून ऐका, आणि तेल लवकर बदला.

जुनी चेन मी मागून घेतली. जानेवारीत नाशिकला गेले तेव्हा ती सामानातून नेली. बाबांनी ती आडवी धरली. नवी असती तर सरळ राहिली असती, ही बाजूला झुकली. बराच वेळ ते एकेक कडी अंगठ्याने चाचपत होते. मग म्हणाले, "आता कोणतं तेल घातलंय त्यांनी?"