तुटफुटीची वही

मागच्या मंगळवारी रात्री साडेनऊला वैशूचा फोन आला. धाकटी बहीण माझी. ती एरवी दुपारी फोन करते, म्हणून जेवता जेवताच उचलला. "दादा, अथर्वनं एकाला मारलंय. खाली पार्किंगमध्ये. त्याच्याच मित्राला. ओठाला दोन टाके पडलेत त्या पोराच्या." मग जरा थांबून म्हणाली, "सगळे म्हणताहेत, तो बंदुकांचा गेम खेळतो ना, त्याचंच हे. सोसायटीच्या ग्रुपवर एकानं लिहिलंय, हीच पोरं उद्या कोयते घेऊन फिरणार. तू नऊ वर्षं कॅफे चालवलास. तू सांग, खरंय का हे?"

अथर्व वैशूचा मुलगा, नववीत आहे. मी तिला तेव्हा "तसं काही नसतं गं" म्हणून मोकळा झालो. पण रात्रभर ते उत्तर मलाच पटेना. नऊ वर्षं माझ्या डोळ्यांसमोर पोरं रोज एकमेकांना गोळ्या घालत होती. मला यातलं काहीतरी ठाऊक असायलाच हवं.

सकाळी माळ्यावरून वही काढली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: 2002 ते 2011 कर्वेनगरात माझा सायबर कॅफे होता. तळमजल्यावरचा गाळा, आठ मशीन. आधी लोक मेल बघायला, रिझल्ट बघायला, रेझ्युमेची प्रिंट काढायला यायचे. मग घरोघरी ब्रॉडबँड आलं आणि ते गिऱ्हाईक गळालं. राहिली ती पोरं. मी आठही मशीन लॅनवर घेतली, म्हणजे एकमेकांना जोडली, आणि काउंटर-स्ट्राइक हा बंदुकांचा गेम टाकला. चार विरुद्ध चार. तासाला 20 रुपये, दुपारी 15. होस्टेलवर राहणारी लातूरची, नांदेडची, जळगावची पोरं, शिवाय आसपासच्या सोसायट्यांतली. दिवसभर "हेडशॉट!", "मागे बघ, मागे!", "अरे कॅम्पर आहेस का तू?" आणि त्याच्या पुढचं, जे इथे लिहिता येत नाही.

वही दोनशे पानी आहे. तिच्यावर मी मार्करनं "तुटफूट" लिहिलं होतं. तारीख, मशीन नंबर, काय तुटलं, कशामुळे, किती वसूल. मी काही अभ्यास करत नव्हतो, पैसे बुडू नयेत एवढाच हेतू. पण "कशामुळे" हा रकाना ठेवला होता, त्याचं आज बरं वाटतं. काही नोंदी जशाच्या तशा देतो:

"3 नं. माउस. वायर उपटली. फिफा, पेनल्टी चुकली. 150 वसूल."
"6 नं. कीबोर्ड, स्पेसबार. क्रिकेट, रनआउट. बाकी."
"1 नं. हेडफोन. लाइट गेली, गेम सेव्ह नव्हता. सोडून दिले."

रागाच्या भरात तुटलेल्या वस्तूंच्या सतरा नोंदी सापडल्या. त्यातल्या आठ फुटबॉल आणि क्रिकेटच्या गेमच्या. पाच मशीन हँग झालं किंवा लाइट गेली म्हणून. 2005 च्या आसपास पुण्यात लोडशेडिंग होतं, माझा यूपीएस दहा मिनिटंही टिकायचा नाही, आणि ऐन रंगात पडदा काळा झाला की पोरं अक्षरशः वेडी व्हायची. काउंटर-स्ट्राइकच्या नोंदी चार. त्यातल्याही दोन, समोरचा भिंतीपलीकडचं दिसणारा हॅक लावून खेळतोय या संशयावरून. आणि हे सांगितलं पाहिजे की दिवसातले बहुतेक तास बहुतेक मशीनवर काउंटर-स्ट्राइकच चालायचं. फिफा एखाद-दुसऱ्या मशीनवर.

आठ मशीनच्या कॅफेवरून जगाचा निष्कर्ष काढता येत नाही, हे कळतं मला. ही पोरं माझ्याकडून उठून घरी जाऊन कशी वागायची, ते मी पाहिलेलं नाही. पण गेल्या काही वर्षांत या विषयावरचं मिळेल ते वाचत आलोय, आणि वाचताना कितीतरी वेळा ही वही आठवली.

2014 सालचा एक अभ्यास आहे, प्रशिबिल्स्की, डेसी, रिग्बी आणि रायन या चौघांचा. त्यातल्या एका प्रयोगात त्यांनी चक्क टेट्रिस घेतलं. वरून पडणारे ठोकळे, दुसरं काही नाही. ना बंदूक, ना रक्त. मात्र काही जणांसाठी त्यातली बटणं मुद्दाम अशी करून ठेवली की ठोकळा हवा तसा वळतच नाही. चिडलेली निघाली ती हीच माणसं. खेळता येत नाही, हात बांधल्यासारखे झालेत, यातून येणारा तो राग. हे वाचलं तेव्हा मला माझा 1 नंबरचा हेडफोन दिसला. कॅनडातल्या आणखी दोन संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं होतं की, दोन गेम चुरशीच्या बाबतीत सारखे असले, तर एकात हिंसा आहे आणि दुसऱ्यात नाही यानं आक्रमकपणात फारसा फरक पडत नाही. फरक चुरशीमुळे पडतो. पेनल्टी चुकली, माउसची वायर उपटली.

दुसरी बाजूही आहे आणि ती मी झाकणार नाही. अमेरिकेतले क्रेग अँडरसन, ब्रॅड बुशमन ही या क्षेत्रातली जुनी माणसं. 2010 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लाखाहून जास्त लोकांवर झालेले कितीतरी अभ्यास एकत्र करून सांगितलं की हिंसक गेममुळे आक्रमक विचार आणि वागणं वाढतं. हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण "आक्रमक वागणं" मोजतात कसं, ते बघा. प्रयोगशाळेत पुष्कळदा गेम खेळून झाल्यावर त्या माणसाला विचारतात, पलीकडच्या खोलीतल्या प्रतिस्पर्ध्याला हेडफोनमधून किती मोठा कर्कश आवाज ऐकवायचा? किंवा, ज्याला तिखट आवडत नाही त्याला किती तिखट सॉस खायला द्यायचा? माझ्या कॅफेत शेजारच्याच्या हेडफोनचा आवाज गुपचूप फुल करणं हा रोजचा उद्योग होता. तो वात्रटपणा. त्यातून ओठाला टाके पडण्यापर्यंत मध्ये फार मोठा रस्ता आहे.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं 2020 मध्ये आपली भूमिका पुन्हा मांडली, ती मला प्रामाणिक वाटते. हिंसक गेमचा ओरडणं, ढकलाढकली अशा गोष्टींशी थोडा, पण ठाम दिसणारा संबंध आहे. खऱ्या हिंसाचाराचं कारण गेम आहे, असं म्हणायला मात्र पुरेसा पुरावा नाही. हे मला पूर्ण पटतं, कारण ओरडणं मी नऊ वर्षं ऐकलंय. शिव्यांचं प्रमाण तर वाढायचंच. नव्यानं आलेलं साधं पोरगं महिन्याभरात काय काय बोलायला शिकायचं! ज्यांना याची काळजी वाटते त्यांची काळजी खोटी नाही.

अथर्वच्या वयाच्या मुलांवरचाही एक अभ्यास आहे. 2019, ब्रिटन, 14-15 वर्षांची साधारण हजार मुलं. मुलांनी कोणते गेम खेळले ते विचारलं, त्या गेममध्ये हिंसा किती हे मात्र मुलांच्या मतावर न सोडता अधिकृत वयोगटाच्या शिक्क्यावरून ठरवलं. आणि मूल घरी कसं वागतंय हे आईवडलांना विचारलं. काय तपासणार आणि कसं मोजणार हे आधीच जाहीर करून ठेवलं होतं, म्हणजे नंतर हवे तसे आकडे निवडायला वाव नाही. संबंध सापडला नाही.

तरी ही भीती जात नाही. 1999 मध्ये अमेरिकेत कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला, तो करणारी दोन मुलं डूम हा बंदुकांचा गेम खेळायची, हे जगभर छापून आलं. डूम 1993 चा, तोवर तो लाखो जणांनी खेळला होता. आपल्याकडे 2019 मध्ये राजकोटला पोलिसांनी पब्जीवर बंदी घातली आणि खेळणाऱ्या पोरांना अटकही केली. 2020 मध्ये देशभर बंदी आली, तिचं कारण मात्र देशाची सुरक्षा आणि लोकांचा डेटा हे होतं. तरी पुष्कळांच्या डोक्यात पक्कं बसलंय की मारामारीमुळेच बंद केला. आणि कोयत्याचं म्हणाल, तर कोयते घेऊन दहशत माजवणारी पोरं मोबाइलवर काय खेळतात याची बातमी कधी वाचली नाही. पेपरात कारणं येतात ती वर्चस्वाचा वाद, जुनी खुन्नस, "माझ्याकडे बघितलंस का" ही. कोणी मोठा भाई मागे असतो. सोसायटीच्या ग्रुपवर ते लिहिणाऱ्या गृहस्थांना मी हे भेटून सांगणार आहे.

2011 साली, ज्या वर्षी मी शटर ओढलं, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मुलांना हिंसक गेम विकायला बंदी करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. न्यायमूर्ती स्कॅलियांनी निकालात परीकथांचे दाखले दिले. सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींचे डोळे कबुतरं टोचून काढतात, हे आपण पोरांना वाचून दाखवतोच की. मला त्यावरून दिवाळीतला किल्ला आठवला. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत जा, जिन्याखाली माती, पोतं, वर हळीव पेरलेले आणि बुरुजावर तलवार उपसलेले मावळे. प्रतापगडाचा देखावा असला की पाच वर्षांच्या पोराला आपणच सांगतो, महाराजांनी वाघनखं कशी चालवली आणि खानाचा कोथळा कसा बाहेर काढला. पोरगं डोळे विस्फारून ऐकतं आणि मग चकली मागतं. ते पोर उद्या कोणावर चालून जाईल असं आपल्याला स्वप्नातही वाटत नाही, कारण गोष्ट आपल्या ओळखीची असते. गेम ओळखीचा नाही, त्याची भीती वाटते.

गुरुवारी वडगावला वैशूकडे गेलो. तिचे यजमान महेशराव सोफ्यावर बसले होते. अथर्वचा फोन कपाटात कुलूपबंद. म्हणाले, "गेम उडवला. आणि दोन ठेवून दिल्या. आता नाही करणार."

तेव्हा मी त्यांना एक गोष्ट सांगितली, जी वैशूलाही माहीत नव्हती. माझ्या कॅफेत नऊ वर्षांत झालेला सगळ्यांत हिंसक प्रसंग. वहीत त्याची नोंद नाही, कारण काही तुटलं नव्हतं.

2006 चा पावसाळा. बारावीतला एक मुलगा रोज क्लास बुडवून 5 नंबरला बसायचा. गुणी पोरगं. माउसपॅड सरळ करून ठेवल्याशिवाय उठायचा नाही. एक दिवस त्याचे वडील आले. रेनकोट अंगावर तसाच, त्यावरून पाणी गळतंय. मला काही विचारलं नाही. सरळ आत गेले, पोराची कॉलर धरून त्याला खुर्चीतून ओढलं, कमरेचा पट्टा काढला आणि मारायला लागले. सात पोरं हेडफोन काढून जागच्या जागी उभी. गळ्यात अडकलेल्या हेडफोनांतून अजून गोळ्यांचा बारीक तडतड आवाज येत होता. पोरगं ओरडलं नाही. दोन्ही हातांनी फक्त चष्मा धरून ठेवला होता. मी काउंटरच्या मागे होतो, मधे अडीच फूट अंतर. मी गेलो नाही. बाप आहे, आपण कोण, असं वाटलं. दहा-बारा फटके झाले असतील. मग तो माणूस पट्टा पुन्हा कमरेला लावत म्हणाला, "हे असले मारामारीचे खेळ शिकवता का पोरांना?"

तो मुलगा परत आला नाही. अडीच फूट ओलांडायला हवे होते, हे मला अजून टोचतं.

महेशराव काही बोलले नाहीत. चहा निवून गेला. थोड्या वेळानं उठून त्यांनी स्वतःच अथर्वला बाहेर बोलावलं आणि आम्हा दोघांना गच्चीवर जायला सांगितलं.

पाण्याच्या टाकीच्या कडेला बसून अथर्वनं सगळं सांगितलं. दोन वर्षं खेळून त्यानं आयडी वर आणली होती. आयडी म्हणजे गेममधलं खातं. त्यात मिळवलेले कपडे, बंदुकांच्या स्किन, रँक सगळं असतं. वाढदिवसाचे, दिवाळीचे पैसे त्यात घातले होते. मित्रानं शनिवार-रविवार खेळायला मागितली, यानं पासवर्ड दिला. मित्रानं खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बदलून ती अकरावीतल्या एकाला 1,500 रुपयांना विकली. "मी विचारायला गेलो ना मामा, तर तो म्हणाला, गेमच आहे रे. आणि हसला."

म्हणजे भांडण गेमवरूनच झालं. पण तिथे आयडीऐवजी सायकल असती, बॅट असती, तरी हेच झालं असतं. आमच्या लहानपणी भोवऱ्यावरून डोकी फुटलेली मी पाहिलीयत. पोराला मी हेही स्पष्ट सांगितलं की कोणी हसला म्हणून ओठ फोडायचा नसतो, आणि टाके दोन असले तरी टाकेच असतात. त्यानं मान खाली घातली. मग विचारलं, "मामा, तू घरी कोणाला समजावशील का, आयडी म्हणजे काय ते? गेम म्हटलं की पुढचं कोणी ऐकतच नाही."

खाली आलो, समजावलं. वैशूला लगेच कळलं. महेशरावांनी दोन वेळा विचारलं, "म्हणजे चोरीच की ही?" संध्याकाळी आम्ही तिघं त्या मुलाच्या घरी गेलो. अथर्वनं माफी मागितली. डॉक्टरचे पैसे महेशरावांनी दिले. त्या मुलाच्या आईला आयडीचं काहीच माहीत नव्हतं. तो सुजलेल्या ओठानं दारात उभा होता, वर बघत नव्हता. 1,500 पैकी 600 त्यानं खर्च केलेत, उरलेले परत दिले.

आयडी अजून त्या अकरावीतल्या मुलाकडे आहे. रविवारी महेशराव त्याच्या वडलांना भेटायला जाणार आहेत. मला बरोबर ये म्हणालेत.