आबांचा घाट

"इतला जोरमा कोठे चालना रे?"

मी घरातल्या रेसिंग सिम्युलेटरवर, म्हणजे स्टिअरिंग-पेडल लावलेल्या कॉम्प्युटर गेमवर. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकच्या उतारावर, पोर्शे ९११ जीटी३, ताशी २४०. आबा मागे उभे, हातात चहा. बाहेर चाळीसगावचं ऊन नुसतं पेटलेलं.

आबांनी उभी हयात मालट्रक चालवला. संभाजीनगरहून भरलेली गाडी घेऊन कन्नड घाट कितीदा उतरले, त्यांनाच माहीत नाही. म्हटलं, बसा एकदा.

बसल्याबसल्या आरसा शोधला. "मांगे माल शे ना!" मग वळणाच्या कितीतरी आधीच, गाडी सरळ असतानाच ब्रेक. शिकवायला गेलो असतो तर हेच सांगणार होतो. एका वळणावर स्टिअरिंग हातात हलकं पडलं (पुढच्या टायरची पकड सुटली की त्यातली मोटर जोर सोडते). आबांनी लगेच पाय काढला. "चाकं सुटनात."

२०.८ किलोमीटरची फेरी. वेळ सांगण्यासारखी नाही, पण गाडी एकदाही ट्रॅकबाहेर गेली नाही. माझी रोज जाते!

उठताना मात्र म्हणाले, "पोटमा काहीच कसं व्हत नही रे?"

तेच तर. डोळ्यांना, कानांना, हातांना सगळं कळतं. पण ब्रेक मारल्यावर अंग पुढे फेकलं जात नाही. लाखमोलाची हलणारी खुर्चीसुद्धा तो दाब सलग देऊ शकत नाही. आणि आबांच्या मते वेगाची भीती पोटातच असते.

गल्लीतली पोरं रोज संध्याकाळी माझ्याकडे हेच खेळायला येतात. वर्षा-दोन वर्षांत त्यांची लायसन्सं निघतील. त्यांना आधी कन्नड घाटात आबांच्या शेजारी बसवावं का?