आधी विचारा, फोन कुणाचा?

लैंगिक आजारावर औषध घेणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरापोरींना कोणतं ॲप द्यावं, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की रात्री आठ वाजता तो फोन असतो कुणाच्या हातात? कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर, हुक्केरी, चिकोडीकडच्या कित्येक घरांत फोन एकच. दिवसभर वडिलांच्या खिशात, संध्याकाळी धाकट्याच्या हातात, रात्री आईच्या उशाशी. अशा फोनवर 'तुमची गोळी घेण्याची वेळ झाली' असा मेसेज आला की औषध राहतं बाजूला आणि घरात चौकशी सुरू होते.

मुळात सगळ्यांनाच आठवण करून द्यावी लागत नाही. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या दवाखान्यात, लक्षणांप्रमाणे रंगीत किट मिळतात. करड्या किट १ मध्ये ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम, एकाच वेळी घ्यायचं. हिरव्या किट २ मधलं औषधही एकाच वेळी घ्यायचं. या गोळ्या समुपदेशकासमोर, तिथल्याच पाण्याबरोबर घ्यायला लावल्या की विषय संपला. यापेक्षा भारी तंत्रज्ञान अजून निघालेलं नाही. फक्त जेवून आलाय का ते विचारायचं, आणि तासाभरात उलटी झाली तर परत यायला सांगायचं.

खरी परीक्षा लांबच्या कोर्सची. लाल किट ५ मधली असायक्लोव्हिर दिवसातून तीनदा, ७ दिवस. काळ्या किट ७ मधली डॉक्सिसायक्लिन २१ दिवस. आणि सगळ्यांत अवघड पिवळं किट ६, ओटीपोटात दुखणाऱ्या मुलींसाठीचं: सेफिक्झिमची एक गोळी, शिवाय डॉक्सिसायक्लिन १०० आणि मेट्रोनिडॅझोल ४००, दोन्ही दिवसातून दोनदा, १४ दिवस. एकूण ५७ गोळ्या. एवढ्या गोळ्या लपवायच्या कुठे, हाच त्या पोरीपुढचा पहिला प्रश्न. पुडकं क्लिनिकमध्येच टाकून द्यावं, पण स्ट्रिपमधून गोळ्या सोडवू नयेत, पावसाळ्यात दमट हवेनं खराब होतात. दोन-दोन दिवसांच्या गोळ्यांचा तुकडा कापला की कंपासपेटीत मावतो.

कोर्स सुटतो तो साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी. दुखणं कमी झालेलं असतं, आणि मेट्रोनिडॅझोलनं तोंडाला धातूची चव आणि मळमळ आलेली असते. डॉक्सिसायक्लिन घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवं झालं तर ती अन्ननलिकेत अडकून छातीत जळजळते. पोरगी मग 'मला हे औषध सोसत नाही' असा निष्कर्ष काढते. पेलाभर पाणी आणि नंतर अर्धा तास बसून राहणं, एवढ्यानं बहुतेक वेळा भागतं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी किंवा दूध डॉक्सिसायक्लिनबरोबर पोटात गेलं तर औषध नीट शोषलं जात नाही, दोन-तीन तासांचं अंतर हवं. पाळी चुकली आहे का, हे डॉक्सिसायक्लिन देण्याआधीच विचारायचं. अडचणी अशा ठरावीक दिवशी येतात, म्हणून १४ दिवस एकसारखे मेसेज पाठवण्यात अर्थ नाही. पहिल्या दिवशी पाण्याबद्दल, तिसऱ्या दिवशी मळमळीबद्दल विचारा. ७२ तासांत ताप किंवा दुखणं उतरलं नसेल तर लगेच बोलवा. दुसऱ्या आठवड्यात कमी मेसेज चालतील.

मेसेजात आजार, औषध, दवाखाना यांतलं काहीच नको. शब्द मुलानंच निवडावा: सराव, रिव्हिजन, क्लास. उदाहरणार्थ, 'आजचा सराव झाला का? झाला तर १, राहिला तर २ पाठव.' हे ४७ अक्षरांत बसतं. देवनागरी एसएमएसला एका मेसेजात ७० च अक्षरं मिळतात आणि काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. 'क्लिनिक' डोळ्याला तीन अक्षरांचा, एसएमएसला सात. ७० च्या पुढे गेलं की एकाचे दोन मेसेज होतात, पैसेही दोनाचे. संस्थेकडून घाऊक मेसेज जाणार असतील तर मजकूर आणि सेंडर आयडी (पाठवणाऱ्याचं दिसणारं नाव) आधी डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेत, नोंदवावे लागतात, आणि नंतर मजकूर बदलला तर मेसेज अडतो. आयडीत 'एड्स' किंवा 'हेल्थ' दिसलं तर आतला सांकेतिक शब्द वाया गेला. भाषाही विचारून घ्या. मराठी शाळेत शिकलेल्या पोराला कन्नड मेसेज गेला तर तो कंपनीची जाहिरात समजून न वाचताच पुसतो.

उत्तराची सोय हवीच. केनियात एचआयव्हीच्या रुग्णांना आठवड्यातून एकदा 'कसं काय?' एवढंच विचारणारा एसएमएस जायचा, आणि 'अडचण आहे' म्हणणाऱ्याला किंवा गप्प राहणाऱ्याला नर्स फोन करायची. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत औषध घेण्याचं प्रमाण सुधारलं. दक्षिण भारतात ६३१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१४) दर आठवड्याला आपोआप येणारा कॉल आणि चित्राचा मेसेज होता. तिथे फरक पडला नाही. दोन्हीकडचे रुग्ण प्रौढ होते आणि दोन चाचण्यांची थेट तुलना होत नाही, तरी माझं मत ठाम आहे: 'राहिला' म्हणून २ आला आणि संध्याकाळपर्यंत कुणी माणूस बोललाच नाही, तर ती यंत्रणा बंद केलेली बरी.

कणकुंबी-जांबोटीकडे पावसात लाइट गेली की रेंजही जाते. तिथे फोनमधला साधा अलार्म बरा, इंटरनेट लागत नाही. सकाळी नाश्त्यानंतर आणि रात्री जेवणानंतर, साधारण १२ तासांच्या अंतरानं. डोस चुकला तर आठवेल तेव्हा घ्यावा, पण पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर तो सोडून द्यावा. दोन एकदम घेऊ नयेत.

मिस्ड कॉलची युक्ती ९९डॉट्समधून, म्हणजे क्षयरुग्ण रोज गोळी घेतात का ते पाहणाऱ्या पद्धतीतून, घेता येते. तिथे गोळी काढली की पाकिटावर दडलेला नंबर दिसायचा आणि त्यावर फुकट कॉल करायचा असायचा. गोळी न घेताही कॉल करता येतो, घेऊनही विसरता येतो. त्यामुळे कॉल म्हणजे पुरावा नव्हे, गप्प कोण झालं ते त्यावरून कळतं.

घात मात्र ट्रूकॉलर करतो. समुपदेशकाचा नंबर दुसऱ्या कुणी 'एचआयव्ही सेंटर मॅडम' म्हणून सेव्ह केला असेल, तर तेच नाव या घरात पडद्यावर झळकू शकतं. नवा नंबर वापरण्याआधी तो ट्रूकॉलरवर स्वतः शोधून पाहा. व्हॉट्सॲपवर नोटिफिकेशनमधला मजकूर बंद, मेसेज २४ तासांनी गायब होण्याची सेटिंग चालू, आणि लिंक केलेल्या उपकरणांत भावाचा लॅपटॉप नाही ना, हे तिन्ही क्लिनिकमध्येच तपासायचं. औषधाच्या चिठ्ठीचा फोटो जोडीदाराला पाठवू नये, असा फोटो कुठवर फिरेल ते सांगता येत नाही. पण जोडीदाराचा उपचार झाल्याशिवाय आजार परत येतो. दोघांचा कोर्स संपेपर्यंत, आणि एका डोसचं औषध असेल तर त्यानंतर ७ दिवस, संबंध नकोत.

अठराच्या आतल्यांना एक गोष्ट पहिल्याच भेटीत सांगायला हवी. पोक्सो कायद्यानं (२०१२) लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि अठराच्या आतली संमती कायदा मानत नाही. 'कुणालाच कळणार नाही' असं वचन देऊन नंतर मोडलं, तर ते पोर पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही.

ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून निपाणीची मुलं कोल्हापूर गाठू शकतात. कर्नाटकात किशोरांच्या सरकारी क्लिनिकला 'स्नेहा' म्हणतात, महाराष्ट्रात 'मैत्री', पण किटचे नंबर आणि रंग देशभर तेच. फोनच्या नोट्समध्ये '६ पिवळा' आणि सुरू केल्याची तारीख, एवढं असलं तरी पलीकडच्या डॉक्टरला कळतं. रात्री-अपरात्री शंका आली तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे.

कोर्स संपला त्या दिवशी मेसेज थांबवा. पुढेही येत राहिले तर नंबर म्यूट होतो, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणीसाठी पाठवलेला मेसेज कुणी पाहत नाही. तोवर पोरगं गोव्याला कामाला जाऊन सिमही बदललेलं असू शकतं, म्हणून पहिल्याच दिवशी विश्वासातल्या एका मित्राचा किंवा मैत्रिणीचा दुसरा नंबर त्या पोराच्या परवानगीनं लिहून घ्यायचा.